विमानं वाढतील, फेरी टिकेल का?

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडली गेली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत ती येत होती. कारखान्याच्या सभासदांचा चिमणी पाडायला विरोध होता आणि शहरातले व्यापारी-उद्योजक ती पाडावी म्हणून आंदोलन करत होते. एकाच शहराचे असे दोन तट पडले होते. चिमणी गेल्यावरही विमान यायला जवळजवळ दोन वर्षं गेली. ९ जून २०२५ ला सोलापूर–गोवा सेवा सुरू झाली, ती चालवली गोव्याच्या मोपा विमानतळावर तळ असलेल्या फ्लाय ९१ या नव्या कंपनीने.

ही कंपनी मार्च २०२४ मध्ये दोन भाड्याच्या विमानांवर उभी राहिली. ताफ्यात एकाच जातीचं विमान आहे, पंख्यांच्या इंजिनाचं एटीआर ७२-६००, आसनं सत्तरच्या आसपास. अगत्ती, सिंधुदुर्ग, जळगाव, पुणे, सोलापूर, हैदराबाद, बंगळुरू अशी नावं वेळापत्रकात येत गेली. पाच वर्षांत तीसच्या वर विमानं आणि पन्नास शहरं, असा संकल्प सुरुवातीलाच जाहीर झालेला आहे.

या संकल्पावरून माझ्या घरात वाद झाला. एका बाजूला माझे मामा होते. त्यांची सारी नोकरी एसटीच्या वाहतूक खात्यात झाली, निवृत्त झाले ते आगार व्यवस्थापक म्हणून. दुसऱ्या बाजूला माझी धाकटी बहीण. विमानं भाड्याने देण्या-घेण्याचे करार तपासणं हे तिचं बंगळुरूतलं काम. दोघांनाही वाहन चालवण्याचा हिशेब कळतो, म्हणून तो वाद जसा झाला तसा इथे देतो आहे.

मामा : तीस विमानं, पन्नास गावं. मला यातला एकही आकडा उपयोगाचा वाटत नाही. चार विमानं असतील तर राखीव किती आहेत, ते सांगा.

बहीण : चार असताना एक राखीव ठेवायचं म्हणजे चौथा हिस्सा ताफा उभा. मामा, विमानाचं भाडं महिन्याला द्यावं लागतं, तेही डॉलरमध्ये. शिवाय उडालेल्या प्रत्येक तासामागे पुढच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढावी लागते. तिकीट विकलं जातं रुपयात. उभं विमान कोणत्याच छोट्या कंपनीला परवडत नाही. दिवसाला आठ-दहा तास ते हवेत असलं तरच गणित जमतं.

मामा : मग ज्या दिवशी एक विमान बिघडेल, त्या दिवशी काय? सकाळी हैदराबादला पंप गेला, सुटा भाग दुसऱ्या गावाहून यायचाय. तेच विमान दुपारी जळगावला जायचं, संध्याकाळी सोलापूरला यायचं. साखळी तुटली. आता कोणती फेरी रद्द होईल, ते मी डोळे मिटून सांगतो. सगळ्यात लहान गावाची.

बहीण : प्रवासी कमी तिथेच नुकसान कमी.

मामा : अगं, हेच आम्ही करत होतो. आगारात गाडी कमी पडली की मुक्कामाची फेरी जायची, पुण्याची कधी नाही. भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, बघून तेच बरोबर दिसायचं. पण ज्या गावची मुक्कामी गाडी आठवड्यातून दोनदा आली नाही, त्या गावचा माणूस तिसऱ्या आठवड्यात जीप बघतो. मग भारमान आणखी पडतं, आणि वरून पत्र येतं, फेरी तोट्यात आहे, बंद करा. तोटा गावाने केलेला नसतो.

मामांच्या या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला आहे. छोट्या शहरांच्या विमानसेवेबद्दल आपण बोलतो तेव्हा ‘प्रतिसाद मिळाला नाही’ हे वाक्य सहज वापरलं जातं. जळगावकरांनी ते ऐकलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या उडान या अनुदान योजनेखाली एअर डेक्कनची जळगाव–मुंबई सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांत विसकटली. नंतर ट्रूजेट आली. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेटची सगळीच उड्डाणं थांबली. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय ९१ तिथे पोहोचली. आधी दोनदा हात पोळलेला केळीचा व्यापारी तिसऱ्या कंपनीचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवेल, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

बहिणीला मात्र हे पटत नव्हतं, आणि तिचं उत्तर कच्चं नव्हतं.

बहीण : मामा, तुम्ही म्हणता ते खरं मानलं, तर कंपनीने लवकर मोठं व्हायला हवं. चार विमानांत एक राखीव परवडत नाही, पण तिसात दोन सहज परवडतात. पंधरावा हिस्सा. शिवाय एका विमानासाठी सुट्या भागांचं कोठार, अभियंते, वैमानिकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था उभी करावीच लागते. ती दहा विमानांना जवळपास तेवढ्याच खर्चात पुरते. एकाच जातीची विमानं घेण्यामागे हेच शहाणपण आहे. कुठलाही कॅप्टन कुठल्याही विमानात बसतो, कुठलाही भाग कुठल्याही विमानाला लागतो. कंपनी सगळ्यात नाजूक असते ती चार ते दहा विमानांच्या मधल्या टप्प्यात. तिथे जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त.

मामा : आणि घाईने मोठं होऊन बुडालेल्यांची यादी? ती पण सांग ना.

बहीण : सांगते. किंगफिशर २०१२ ला बंद पडली, जेट २०१९ च्या एप्रिलमध्ये, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. पण तिघींची कारणं एक नाहीत. किंगफिशरने एअर डेक्कन विकत घेतली आणि स्वस्त-महाग दोन्ही धंदे एकत्र करायला गेली, वर परदेशी मार्ग. गो फर्स्टचं म्हणणं होतं की इंजिनं वेळेवर मिळाली नाहीत म्हणून निम्मी विमानं जमिनीवर राहिली. त्यानंतर जे झालं ते आमच्या धंद्याने अजून विसरलेलं नाही. दिवाळखोरीच्या अर्जामुळे चोपन्न विमानं मालकांना परत नेता येईनात. दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश यायला एप्रिल २०२४ उजाडला. वर्षभर आपलंच विमान मालकाला लांबून बघावं लागलं. तेव्हापासून भारतातल्या नव्या कंपनीशी करार करताना अनामत, भाडं, अटी, सगळं कडक झालं.

मामा : म्हणजे एकाच्या बुडण्याचा दंड दुसऱ्याने भरायचा.

बहीण : भरावाच लागला. आता संसदेने २०२५ मध्ये विमानमालकांचे हक्क सांभाळणारा कायदा केलाय. त्याचा फायदा छोट्या कंपन्यांना हळूहळू मिळेल.

इथे मी मध्ये पडून अकासाचा विषय काढला, कारण ताफ्याच्या आकड्यांबद्दल बोलताना तो टाळता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई–अहमदाबाद मार्गावर अकासा सुरू झाली. तिने बोइंगकडे आधी ७२, मग ४, मग जानेवारी २०२४ मध्ये आणखी १५०, अशी २२६ विमानं मागितली. त्याच जानेवारीत अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंगचा बंद केलेल्या दाराचा तुकडा हवेत निखळला. तिथल्या नियामकाने बोइंगच्या उत्पादनावर मर्यादा घातली, पुढे कारखान्यात संप झाला. अकासाची सेवा सुरू होऊन तीन वर्षं झाली तेव्हा ताफा तीस विमानांच्या आसपास होता. विमानं येतील म्हणून आधीच घेतलेले शेकडो वैमानिक कामाविना बसून राहिले. ऑर्डरचा आकडा कागदावर शाबूत होता, कर्मचारीही तयार होते, आणि विमान मात्र सिअ‍ॅटलजवळच्या कारखान्यात अडकलं होतं.

बहीण : म्हणूनच छोट्या कंपनीने ऑर्डर देण्यापेक्षा भाड्याचं विमान बरं. एटीआर बनतात फ्रान्समध्ये तुलूझला, वर्षाला पस्तीसच्या आसपास. साऱ्या जगाला तेवढीच. इंडिगोकडे चाळीसहून जास्त एटीआर आहेत, सरकारी अलायन्स एअर तेच विमान वापरते. पाच वर्षांत तीस मिळवायची तर जुनी-नवी जिथे मिळतील तिथून उचलावी लागतील.

मामा : जुनं वाहन मला चालतं. नीट देखभाल झालेली जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा बरी धावते. माझा प्रश्न वेगळा आहे. हे एटीआरच का? लोकांना जेट आवडतं.

बहीण : कारण सोलापूर–गोवा हे अंतर. एवढ्या अंतरात जेट वर चढतं आणि लगेच उतरायला लागतं. त्याचा वेग वापरायला वावच मिळत नाही. एटीआर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, जेटपेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोहोचतं, पण इंधन कितीतरी कमी पितं. धावपट्टी छोटी चालते. लक्षद्वीपच्या अगत्तीला जेमतेम बाराशे मीटरची पट्टी आहे, तिथेही ते उतरतं. त्यात आपल्याकडचे नियम त्याच्या बाजूचे. चाळीस हजार किलोपेक्षा हलक्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर चार टक्के. ऐंशीपेक्षा कमी आसनं असतील तर विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचं शुल्क नाही. हे सगळं एकत्र केलं तर सत्तर आसनांचं एटीआर हेच सोलापूरला शोभणारं विमान आहे.

यावर मामांनी वाद घातला नाही. विमानाची निवड बरोबर आहे, हे दोघांना मान्य झालं, मलाही ते मान्य आहे. खरी खडाजंगी झाली ती गावांच्या संख्येवरून.

मामा : मग माझं सरळ म्हणणं ऐक. विमानं वाढवा, गावं वाढवू नका. निदान लगेच नको. पन्नास गावांना आठवड्यातून तीनदा जाण्यापेक्षा पंधरा गावांना रोज दोनदा जा. सोलापूरचा चादरींचा व्यापारी हैदराबादला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकला, तर तो विमान धरेल. शुक्रवारी जाऊन रविवारी या, असं म्हटलंत तर तो रात्रीची बस धरेल. आठवड्यातल्या ठरावीक दिवसांचं विमान सहलीला ठीक, कामाला नाही.

बहीण : रोज एक जाणं-येणं म्हणजे एकशे चाळीस जागा. रोज दोनदा म्हणजे दोनशे ऐंशी. सोलापूरहून एका शहरासाठी एवढी माणसं रोज मिळतील?

मामा : पहिल्या महिन्यात नाही मिळणार. दुसऱ्या वर्षी मिळतील. फेरी लावली त्या दिवशी भरलेली एकही एसटी मी बघितलेली नाही. लोक आधी वर्षभर नुसतं बघतात, गाडी येते की नाही.

बहीण : तेवढं वर्षभर कोण थांबणार? गुंतवणूकदार, विमानमालक, इंधनवाला, कोण?

मामा : सरकार थांबतंय ना. अनुदान त्यासाठीच देतात.

बहीण : अनुदानाची मुदत तीन वर्षं. आणि अनुदानाने काय होतं ते महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालात स्वच्छ लिहिलंय. उडानमध्ये ७७४ मार्ग वाटले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे सुरू झाले त्यातले ११२ तीन वर्षं पूर्ण करू शकले. आणि मार्च २०२३ ला अनुदानाशिवाय चालू राहिलेले मार्ग किती? चोपन्न. म्हणून मी म्हणते, जो मार्ग सहा महिन्यांत मान वर काढत नाही तो सोडा आणि विमान दुसरीकडे लावा. कंपनी जगली तर उद्या परत येईल. कंपनीच मेली तर कुणालाच काही नाही.

मामा : हेच आकडे मी उलटे वाचतो. तीन वर्षांनी अनुदान संपलं की फेरी संपते, हे माहीत असूनही तीनच वर्षं देत राहिले. चिपीचं बघ.

चिपीचं उदाहरण कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. चिपी इथला सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. अलायन्स एअरची मुंबई सेवा उडानखाली होती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांची मुदत संपली आणि ती सेवाही थांबली. त्याआधीच, जानेवारी २०२३ पासून, तिथून गाडीने दोनेक तासांवर मोपा सुरू झाला होता. मुंबईला जाणारा मालवणी माणूस मोपाकडे वळला, कारण मोपाहून दिवसातून अनेक विमानं आहेत. एक चुकलं तर दुसरं आहे. मामांचा रोज दोनदाचा आग्रह मला इथे सगळ्यात जास्त पटतो.

बहिणीची बाजूही मी सोडत नाही. २०२५ च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना इंडिगोसारख्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी नेणारी कंपनी जिथे मनुष्यबळ कमी पडून कोलमडते, तिथे एका विमानामागे दहा-बारा वैमानिक उभे करणं नव्या कंपनीला किती जड जात असेल, याचा अंदाज यावा. ते नियम हवेतच. थकलेल्या माणसाच्या हाती सत्तर जीव देता येणार नाहीत. पण ते पाळायचे तर विमान घेण्याआधी माणसं हवीत, आणि गाव जोडण्याआधी दोन्ही.

मग मामांनी तो मुद्दा काढला ज्यावर बहिणीकडे पूर्ण उत्तर नव्हतं.

मामा : आमच्या एसटीच्या तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर असायचा. शेतमजूर बाई बाजाराला जायची, ती कर भरायची. आणि विमानाच्या सीटला सरकार पैसे देणार. मी विमानाच्या विरोधात नाही. पण सरकारचा पैसा जातोय तर विमान आलं की नाही, एवढं तरी आम्हाला कळू दे.

बहीण : उडानचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून गोळा होतो, तो थेट तुमच्या खिशातला नाही.

मामा : आणि राज्य सरकार देतं तो?

बहीण : तो तिजोरीतला. ते खरं आहे.

सोलापूर–मुंबई मार्गासाठी राज्याने स्वतःच्या तिजोरीतून तूट भरून द्यायचं ठरवलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर त्या मार्गावर आली. या मार्गासमोर फेब्रुवारी २०२३ पासून साडेसहा तासांत मुंबई गाठणारी वंदे भारत रेल्वे आहे. मुंबईचे सोयीचे स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-सुटण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, मिळणं अवघड होतं. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यामुळे ती कोंडी थोडी सैल होईल. थोडक्यात, छोट्या शहरांच्या वाटा मोकळ्या होत आहेत आणि सार्वजनिक पैसाही येतो आहे. अशा वेळी हिशेब कशाचा मागायचा, हे ठरवायला हवं.

मी हा निवाडा असा करतो. कंपनीने तीस विमानांचं स्वप्न बघावं. बहिणीचं गणित बरोबर आहे, चार-पाच विमानांवर कुठलीही सेवा भरवशाची होत नाही. पण वाढत्या ताफ्यातली पहिली जादा विमानं नव्या गावांना न देता आहे त्या गावांच्या फेऱ्या वाढवायला आणि राखीव ठेवायला वापरावीत. सरकारने तिसऱ्या वर्षी अनुदानाचा दोर कापण्याऐवजी ते पाच-सहा वर्षांत उतरत न्यावं.

आणखी एक काम आहे, त्याला पैसाही लागत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला वेळ पाळण्याचे आकडे जाहीर करतं, पण ते मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांचे. कंपनीची एकूण रद्द उड्डाणं त्यात कळतात. जळगावची किती, सोलापूरची किती, सिंधुदुर्गची किती, ते कळत नाही. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मार्गावर महिन्यात किती उड्डाणं ठरली होती, किती सुटली आणि किती वेळेवर सुटली, हे गावाच्या नावानिशी जाहीर व्हावं. सोलापूर, जळगाव आणि सिंधुदुर्गच्या खासदार-आमदारांनी पुढच्या अधिवेशनात एवढी एकच मागणी करावी, आणि वाचकांनी त्यांना ती करायला लावावी.